शेवटच्या गावाचं पाणी

माझा मामा कालव्यावर पाटकरी होता. नदीतून निघालेला मोठा कालवा आमच्या भागात आला की त्याला दोन फांद्या फुटायच्या. एक आखूड फांदी उजवीकडे वरच्या गावाला जायची. दुसरी लांबलचक, उताराउताराने डावीकडे येत आमच्या गावात संपायची. आमचं गाव शेवटचं. पुढे नुसतं माळरान. त्या दोन फांद्यांच्या तोंडाशी दोन लोखंडी दरवाजे होते आणि ते वरखाली करायची दोन चाकं मामाच्या हातात होती.

चाकांच्या मागेच त्याचं एका खोलीचं घर. खाट अशी लावलेली की पडल्यापडल्या खिडकीतून दोन्ही दरवाजे दिसावेत. कोपऱ्यात वंगणाचा डबा, त्याच्याशेजारी मामीचा स्टोव्ह. रॉकेलचा आणि वंगणाचा वास त्या घरातल्या गाद्यांनाही यायचा. मामी म्हणायची, "मी घसा फोडून हाक मारली तरी यांना ऐकू येत नाही. पण पाणी दोन बोटं उतरू दे, ताडकन उठतात."

मामी वरच्या गावची. तिच्या दोन्ही भावांच्या जमिनी तिथेच, उजव्या फांदीवर. आणि मामाची एकुलती एक बहीण, म्हणजे माझी आई, दिली होती खालच्या गावात, डाव्या फांदीच्या टोकाला. लग्न ठरवताना कुणी नकाशा बघत नाही.

आई-मामाचे आईवडील लवकर गेले. मामाने आईला वाढवलं, तिची वेणी घालण्यापासून तिला सासरी पोचवण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. तो तिला 'बारके' म्हणायचा. आमच्या शेताकडच्या चारीला पाण्याची पाळी आली की आई हातातलं काम टाकून बांधावर जायची, साडी वर खोचून पाण्यात उभी राहायची आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारून म्हणायची, "दादाने सोडलं." गावातल्या बायका तिला चिडवायच्या, "आम्हाला माहेरी जावं लागतं बाई. हिचं माहेर दर पाळीला स्वतः चालत येतं." आई हसायची. तिला ते चिडवणं हवंच असायचं.

आमच्या गावाबाहेर कालव्याला लागून एक टेकडी होती. टेकडी कसली, जुन्या वस्तीची पांढर. तिथली माती राखेसारखी भुरभुरीत, पाऊस झाला की खापरं वर यायची. मी शाळेत असताना तिथे खोदकाम सुरू झालं. खोदकामाच्या प्रमुख एक बाई होत्या, गळ्यात दोरीने बांधलेली मोठी टोपी, बोलणं भरभर. त्यांनी आमची पुढची खोली भाड्याने घेतली. आई आणि शेजारच्या बायका तिथे माती चाळायच्या कामाला जाऊ लागल्या.

सुट्टीच्या दिवशी मामा ते बघायला आला. मी आणि आई त्याच्याबरोबर खड्ड्यात उतरलो. बाईंनी खड्ड्याच्या उभ्या कापावर हात ठेवला.

"ही काळी पट्टी दिसते? हा गाळ. तेव्हा नदी इथून वाहायची, टेकडीला अगदी खेटून. पूर आला की गाळ टाकून जायची. माती अशी मऊ की लाकडाच्या फाळानेही उलटावी. डोंगरातल्या माणसाला पोटापुरतं पिकवताना नाकी नऊ यायचे, आणि इथे एका घराने पेरलं तर दोन घरं जेवायची."

"मग दुसऱ्या घराने करायचं काय?" मामाने विचारलं.

"तेच तर! कुणी मडकी घडवली, कुणी विटा भाजल्या, कुणी माल घेऊन लांब गेलं. कुणी नुसत्या गप्पा मारल्या."

"ते आमचे मेहुणे," मामा म्हणाला, आणि खड्ड्यातले सगळे हसले.

बाई म्हणाल्या, "पण इथे पाऊस तेव्हाही नावापुरताच. नदीचं पाणी शेतात न्यायचं तर पाट खणायला हवेत. पाट एकट्याने निघत नाही. शंभर हात लागतात आणि त्या हातांना सांगणारं एक तोंड लागतं. पाणी आलं की आधी कुणाला, नंतर कुणाला, हे कुणीतरी ठरवायला हवं. आमच्यातले काही जण म्हणतात, राजा त्यातूनच तयार झाला. काहींना ते पटत नाही."

मामाने कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे मी राजा?"

"राजाला पेन्शन नसते, दादा," आई म्हणाली. त्या दिवसापासून सगळं गाव त्याला 'राजे' म्हणायला लागलं. तो आला की पोरं वाकून मुजरे करायची, आणि तोही मान डोलवून ते घ्यायचा.

पण त्या दिवशी हसणं थांबल्यावर त्याने विचारलं होतं, "मग गेली कुठे ही माणसं? लढाई झाली?"

"लढाईची खूण नाही. नदी सरकली. वरच्या अंगाला दुसरी एक वस्ती होती, तिने उरलंसुरलं पाणी अडवलं असावं. इथल्या लोकांनी थोड्या पाण्यावर शेती रेटली, तर जमिनीतून मीठ वर आलं." बाईंनी वरचा पांढुरका थर दाखवला. मामाने त्यावर बोट टेकवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. बाई पुढे म्हणाल्या, "एकेक घर उठून गेलं. त्या कोपऱ्यातल्या घराचं दार तर त्यांनी बाहेरून विटा रचून बंद केलं. परत यायचं मनात असणार."

मामा त्या विटांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आणि पाणी ज्याच्या हातात होतं, त्याचं काय झालं?"

"ते मातीत सापडत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी डोंगरातला पाऊसच रोडावला. नदी अर्ध्या पात्रात आली, मग एका कडेला. त्याच काळात वरच्या गावाने धान्य सोडून फळबागा धरल्या होत्या आणि बागांना पाणी जास्त लागत होतं. आमच्याकडे पाळ्या लांबत गेल्या. आमच्या शेतावर उन्हात पांढरी साय दिसायला लागली. बाबा ती बुटाच्या टोकाने खरवडायचे आणि घरी यायचे.

एका उन्हाळ्यात कचेरीतून हुकूम निघाला, डावा दरवाजा पुढची सूचना येईपर्यंत बंद. खालच्या गावाला प्यायचं पाणी टँकरने देऊ. कारणही दिलं होतं. डावी फांदी लांब आहे, कच्ची आहे, तिच्यात सोडलेलं निम्मं पाणी वाटेत मुरतं. तेच पाणी वर दिलं तर निदान बागा जगतील. त्यात चूक कुठेच नव्हती, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

मामाने दरवाजा खाली केला.

पाळीचा दिवस कोरडाच गेला तेव्हा आई चपला घालून निघाली. मी मागे लागले. गावातल्या चारपाच बायकाही आल्या. कोरड्या कालव्याच्या कडेकडेने आम्ही वर चालत गेलो. तळाची माती तडकून तिची खापरं झाली होती. पोचलो तेव्हा मामा चाकाला वंगण लावत होता. जरा लांब झाडाखाली मामीचे दोघे भाऊ आणि वरच्या गावचे काही जण बसले होते. त्यांना कुणीतरी आधीच कळवलं असावं. मामीने लगबगीने पाण्याचे पेले भरून आणले. एकाही बाईने हात पुढे केला नाही.

"दादा, उघड," आई म्हणाली.

"हुकूम आहे, बारके."

"हुकूम मला दिसत नाही. मला तू दिसतोस."

"ऐक माझं. उघडलं तरी पोचणार नाही. येताना तळ बघितलास ना? सगळं वाटेतच जिरेल."

"जिरू दे. तू सोड तर खरं. जिरलं तर मातीला बोल लावू. आत्ता कुणाला लावू?"

 मामाची नजर एकदा झाडाखाली गेली आणि परत आली. तेवढीच, पण आईने ती पकडली.

"कळलं," ती म्हणाली. "बायकोचं माहेर जवळ, बहिणीचं सासर लांब. पाणी उताराकडे जातं म्हणे. तुझं वर चढायला लागलंय."

"वन्सं, असं नका बोलू," मामी मध्ये पडली. "हुकूम आल्यापासून जेवण गोड लागत नाही त्यांना."

"लागत नसेल तर तुमच्या भावांच्या बागेतली फळं घाला." आईचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. मग ती मामाकडे वळली. "तू मला वाढवलंस, ते मी विसरणार नाही. पण आजपासून मला माहेर नाही. मी मेलेबिले तरी तुम्हाला कळणार नाही, आणि तुमचंही मला कळवू नका."

मामाने वंगणाने काळे झालेले दोन्ही हात पुढे केले होते. काय करायचं होतं त्याला, कुणास ठाऊक. कदाचित तिला थांबवायचं असेल आणि तिची साडी खराब होईल म्हणून तो थांबला असेल. आम्ही परत फिरलो. 

त्यानंतर आमचं गाव पांगत गेलं. आज या घराची भांडी ट्रकमध्ये चढायची, उद्या त्या घराची. शाळेत एका बाकावर दोघींच्या जागी मी एकटीच बसायला लागले, मग वर्गच बंद झाला. महिन्याभरात आम्हीही निघालो. बाबा कुलूप शोधत होते. आई म्हणाली, "कशाला? चोराला तरी काय मिळणार आहे, चोरून?" दार नुसतं ओढून घेतलं.

शहरात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खाली कपड्यांच्या इस्त्रीचं दुकान होतं, त्यामुळे आमची जमीन थंडीतही गरम असायची. बाबा गोदामात हमाली करू लागले, आई एका दवाखान्यात फरशा पुसायला जायला लागली. मी शिकले आणि मास्तरीण झाले, तीही इतिहासाची. 'नद्यांच्या काठी पहिली नगरं का वसली' हा धडा मी दरवर्षी शिकवते. सुपीक गाळ, मुबलक पाणी, सपाट जमीन, वाहतुकीची सोय, अशी कारणं मुलं पाठ करतात. नगरं उठली का, त्याला पुस्तकात दोनच ओळी आहेत.

खोलीतल्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. एकदा मी गमतीने म्हटलं, "आई, बघ, आलं." ती बादली सरकवत म्हणाली, "नळाच्या पाण्याला माहेर नसतं." मामाचं नाव तिने घेतलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही. बाबा गेले तेव्हा मी विचारलं होतं, मामाला कळवू का म्हणून. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. 

मग एके दिवशी भाजीबाजारात एका म्हाताऱ्याने आईला हाक मारली. टेकडीवरच्या खोदकामाचा राखणदार. खोदकाम बंद असलं की खड्डे सांभाळायला तो एकटाच तिथे झोपडीत राहायचा. आता तोही शहरात एका इमारतीच्या फाटकावर बसत होता. इकडचं तिकडचं झालं, कोण गेलं, कोण कुठे आहे. मग तो म्हणाला, "राजे कसे आहेत?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली.

"त्या पाण्यापायी फार सोसलं हो त्यांनी."

"कुठल्या पाण्यापायी?"

राखणदार गोंधळला. त्याला वाटत होतं, आम्हाला ठाऊक आहे. मग तिथेच, भाजीच्या गाड्यांच्या मध्ये उभं राहून त्याने सांगितलं.

आम्ही कालव्यावर जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामाने डावा दरवाजा पुरता वर केला होता. आणि तो तिथे थांबला नाही. पाण्याच्या तोंडाबरोबर कालव्याच्या काठाने चालत निघाला. कोरड्या तळात पाणी माणसाच्या चालीनेही जात नाही. एकेक भेग प्यायची, भरायची, मग ते पुढे सरकायचं. मामा हातात फावडं घेऊन दिवसभर त्याच्याबरोबर चालला. कुठे कचरा अडला तर काढला, कुठे भगदाड दिसलं तर बुजवलं. दुपार उलटल्यावर राखणदाराने त्याला टेकडीखाली बघितलं. पाण्याचं तोंड तिथे येऊन थबकलं होतं. मामा कालव्यात उतरला होता, चिखलात गुडघे टेकून बोटांनी पुढे चर ओढत होता, पाण्याला वाट करून देत होता. "ये, ये," असं म्हणत होता म्हणे, गुराला बोलवावं तसं.

"मी पण उतरलो," राखणदार म्हणाला. "दोघांनी ओढलं. हातभर सरकलं, आणखी हातभर. मग मागून येणारी धार बारीक झाली. त्यांच्या मेहुण्यांनी वर दरवाजा खाली केला होता. चाकावर कुणी नव्हतंच ना. तिथून तुमच्या घराचं छप्पर दिसत होतं. मी म्हटलं, राजे, आलाच आहात तर बहिणीला भेटून या. ते म्हणाले, रिकाम्या हाताने काय जायचं. चिखल धुवायलाही पाणी उरलं नव्हतं, तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं वाळून गेलं. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला आलंच नाही. मला वाटलं, कळलं असेल."

"नोकरी?" मी विचारलं.

"गेली. हुकूम मोडला म्हणून."

आईने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसली.  मग तिने एकच विचारलं, "नक्की कुठवर आलं होतं?"

"टेकडीच्या पायथ्याला. त्या बाईंचा मोठा खड्डा होता ना, त्याच्या जरा अलीकडे."

त्याच आठवड्यात आम्ही बसने वरच्या गावाला गेलो. गाव ओळखू येईना. बागांच्या जागी वाळके खुंट उभे होते. आणखी वर, डोंगराच्या तोंडाशी, मोठं धरण झालं होतं आणि नदीचं पाणी तिथेच अडत होतं. वरच्याच्याही वर कुणीतरी असतंच.

मामीचं घर विचारत विचारत आम्ही सायकल दुरुस्तीच्या एका बंद दुकानामागे पोचलो. मामीने दार उघडलं. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. आईला बघून ती दारातच उभी राहिली, बाजूला झाली नाही.

"दादा?" आई म्हणाली.

"मागच्या थंडीत गेले," मामी म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना, कळवू नका म्हणून."

मग ती बाजूला झाली. आम्ही आत जाऊन बसलो. मामीने चहा ठेवला. भावांनी तिच्याशी संबंध तोडला होता. नोकरी गेल्यावर मामाने पुढचं ते दुकान टाकलं होतं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचा. कामाला चोख होता, पण गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही.

"माझ्याबद्दल काही म्हणायचा?" आईने विचारलं.

मामीने स्टोव्हची वात कमी केली. "खरं सांगू की गोड सांगू?"

"खरं."

"चिडलेले होते तुमच्यावर. शेवटपर्यंत. दरवाजा बंद केला म्हणून तुम्ही बोललात, त्याचं त्यांना काही नव्हतं. ते म्हणायचे, एका ताटात जेवून वाढलो, आणि तिला वाटलंच कसं की मी उघडणार नाही? एकदा तरी कुणाला विचारायचं होतं, दादाने पुढे काय केलं. मी म्हणायची, पत्र टाका, सांगा. तर म्हणायचे, पाणी पोचलं असतं तर सांगितलं असतं."

आई रडली नाही. चहा गार होईपर्यंत तिने कप हातात धरून ठेवला. निघताना ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे चला राहायला."

"माझाही राग अजून उतरला नाही," मामी म्हणाली.

पण पुढच्या वर्षी ती आली. पाय दुखायला लागले होते आणि दुकानाच्या मालकाला खोली हवी होती. आमच्या त्या गरम जमिनीच्या खोलीत दोघी म्हाताऱ्या राहू लागल्या. मिठावरून भांडायच्या, उशीवरून भांडायच्या, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. मामाबद्दल बोलायच्या नाहीत. फक्त कधीतरी, धान्य निवडताना, मान वर न करता आई विचारायची, "त्या दिवशी दादा जेवून निघाला होता का?"

"नाही. नुसता चहा पिऊन गेले."

"बरोबर काही दिलं नव्हतं?"

"दिलं होतं. पिशवी खिडकीतच विसरले."

काही महिने जायचे आणि आई पुन्हा तेच विचारायची. जणू मधल्या काळात उत्तर बदललं असेल. मामी प्रत्येक वेळी तेच सांगायची. आई अंथरुणाला खिळल्यावर मात्र एकदा, तिने विचारल्याबरोबर मामी म्हणाली, "हो, जेवले होते. पोटभर जेवले. मीच वाढलं."

आईने तिच्याकडे बघितलं. ते खोटं आहे हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मामीला कळलं होतं. "बरं झालं," आई म्हणाली, आणि मामीचा हात धरून कुशीवर वळली.